दोरीचं दुसरं टोक

रश्नकला आमच्या गावात कुणी शिवी देत नसे. शिवी द्यायची तरी माणसाच्या थोडं जवळ जावं लागतं, आणि रश्नकच्या जवळ जायची तल्खाबमध्ये रीत नव्हती. तो वाटेनं येताना दिसला की बायका पोरांना मागे ओढायच्या आणि पुरुष वारा कुठून वाहतोय ते बघून बाजू बदलायचे. आणि हीच माणसं, घरात कुणी गेलं की अंगणातून बोंबलायची, "अरे, रश्नकला सांगा रे कुणीतरी! लवकर बोलवा!"

मढी उचलून टेकडीवर नेऊन ठेवायची हा त्याचा धंदा. अग्नीला मानणारे लोक मढं जाळत नाहीत, पुरत नाहीत, पाण्यातही सोडत नाहीत. आग पवित्र, माती पवित्र, पाणी पवित्र. ठीक आहे, ज्याचा त्याचा धर्म. पण मग सगळा विटाळ गोळा करून टाकायचा कुठे? तर रश्नकच्या अंगावर. त्याचं घर कोरड्या कालव्यापलीकडे. विहिरीला हात लावायचा नाही, अग्यारीच्या भिंतीची सावलीसुद्धा तुडवायची नाही. त्याच्या आज्यानं हेच केलं, बापानं हेच केलं.

मी शमूनी. मी येशूला मानणारी, म्हणून माझं घरही गावाबाहेरच, आणि दाराशी माझा तंदूर. माझ्या भाकरी सगळं गाव खायचं, पण मला उंबरठ्याच्या आत कुणी घेत नसे. त्यामुळे रश्नकची आणि माझी गट्टी जमायला वेळ लागला नाही. मी त्याला भाकरी हातात द्यायचे. सुरुवातीला तो दचकायचा.

"शमूनीताई, खाली ठेव. मी उचलून घेतो."

"का? माझ्या भाकरीला पाय आहेत का, खाली उतरायला?"

मग तो हसायचा. दात मोठे होते त्याचे, हसला की सगळे दिसायचे. आमचं भांडण ठरलेलं असे. तो म्हणायचा, "तुम्ही लोक चांगल्या मातीला मेलेलं माणूस चारता." मी म्हणायचे, "आणि तुम्ही गिधाडांना मेजवान्या घालता!" त्यावर तो डोळे मिचकावून म्हणायचा, "गिधाडं निदान आभार मानतात, ताई. दर वेळी वाट बघत असतात."

त्याच्या कामाचा सगळ्यांत कडक नियम एकच होता: मढं एकट्यानं उचलायचं नाही. दोघं हवेत, आणि दोघांच्या मनगटात एकच दोरी हवी, एक टोक याच्याकडे, दुसरं त्याच्याकडे. का, तर माणूस मेला की मढ्यात भूत शिरून बसतं. दोरीनं बांधलेल्या दोघांपुढे त्याचं काही चालत नाही, पण एकटा सापडला की ते त्याच्या अंगात शिरतं, आणि त्या माणसाला मग जगातलं कुठलंही पाणी शुद्ध करू शकत नाही, मेल्यावरसुद्धा नाही. शिवाय उचलण्याआधी कुत्र्यानं मढ्याकडे बघायला हवं. त्यासाठी रश्नकनं झर्दक पाळला होता. पांढरा कुत्रा, पिवळे कान, दोन्ही डोळ्यांवर एकेक ठिपका. झर्दक मढ्यासमोर बसून असा गंभीर चेहरा करायचा, की मला वाटायचं, अग्यारीतला पुजारी राहू दे, गावात खरा दस्तूर हाच.

आधी दोरीचं दुसरं टोक रश्नकच्या भावाकडे होतं. तो तापानं गेल्यावर ते मुलाकडे आलं. मुलाचं नाव निवक. त्याला माझ्या तंदुराचं भारी वेड. लहानपणी माझ्याकडे पीठ मागून घ्यायचा आणि त्याचे घोडे करायचा. आई बाळंतपणातच गेली होती, त्यामुळे मला मावशी म्हणायचा.

निवकला हे काम नको होतं. त्याला नांगर धरायचा होता. त्यांच्यात नऊ रात्रींची एक शुद्धी असते. ती झाली की मढी उचलणाराही माणसांत येतो, पंक्तीत जेवतो, लग्न करतो. निवक दर नवरोजला अग्यारीपासून लांब उभा राहायचा आणि ओरडून दस्तूर वेहशापूरला विचारायचा, "दस्तूरजी, मला शुद्धी द्याल का?"

दस्तूर चांगला गोरागोमटा, मऊ आवाजाचा माणूस. तो म्हणायचा, "बाळा, तू गेलास तर बापाच्या दोरीचं दुसरं टोक कोण धरील? गावाचं कसं होईल?"

गावाचं! गावाचं काय व्हायचंय? गावात हातपाय असलेले पुष्कळ होते. पण पुण्य सगळ्यांना हवं होतं आणि दोरी एकट्या निवकनं धरायची होती. मी हे दस्तूरला तोंडावर बोलले. तो म्हणाला, "बाई, तुमच्या धर्मातलं तुम्ही बघा."

मग अरब आले. आधी कादिसियाच्या लढाईत राजाची फौज हरल्याचं ऐकलं, मग राजधानी गेल्याचं ऐकलं. राजा डोंगरात हलवानला जाऊन बसला आणि उरलेली फौज जलूलाला गोळा झाली, आमच्या गावापासून दिवसभराच्या वाटेवर. भोवती खंदक खणायचा हुकूम निघाला. खणायला कोण? आम्हीच. बायकांनीसुद्धा टोपल्या वाहिल्या. खंदकाबाहेर लोखंडी गोखरू पेरले, घोड्यांच्या खुरांत घुसावेत म्हणून. सरदारांनी आगीपुढे शपथा घेतल्या, की मरू पण मागे फिरणार नाही. आम्ही टोपल्या खाली ठेवून त्या शपथा ऐकल्या.

गावच्या जमिनीचा मालक, आमचा देहकान, यालाही फौजेला भालेकरी द्यायचे होते. बड्या घरच्या पोरांना एकाएकी दमा झाला. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची आई मरणाला टेकली, आणि त्या आया दुसऱ्या दिवशी माझ्याकडे भाकरी घ्यायला आल्या! माणसं कमी पडली, तेव्हा देहकानाला आठवला निवक.

पण फौजेत विटाळ कसा चालेल? म्हणून शुद्धी! जी वर्षानुवर्षं मिळत नव्हती, ती दस्तूर स्वतः कोरड्या कालव्यापर्यंत घेऊन आला. गोमूत्र शिंपडलं, वाळू चोळली, पाणी ओतलं, मंत्र म्हटले, आणि दुपारच्या जेवणाआधी निवक पवित्र झाला. नऊ रात्रींची शुद्धी एका सकाळीत.

मी विचारलं, "दस्तूरजी, नऊ रात्री कुठं गेल्या?"

"आपद्धर्म आहे, बाई."

"आपत्ती तुमच्यावर आणि धर्म त्या पोरावर, असंच ना?"

मला सगळ्यांत जास्त राग कशाचा आला असेल, तर रश्नकच्या आनंदाचा. तो कालव्याच्या पलीकडच्या काठावर उभा राहून रडत होता आणि हसत होता. "ताई, पोरगं सुटलं गं! माणसांत गेलं!" निवक निरोप घ्यायला निघाला, तसा हा मागे सरकला. "लांब, लांब राहा! आत्ताच शुद्ध झालायस, मला शिवू नकोस!" पोरगं युद्धाला चाललेलं, आणि बापानं त्याला मिठी मारली नाही. कालव्याच्या दोन काठांवरून दोघांनी एकमेकांना हात हलवले. निवक गेला, त्या महिन्यांत गावात कुणी मेलं नाही, म्हणून दोरी खुंटीला लटकत राहिली.

जलूला पडलं त्या दिवशी आमच्याकडेही असा वारा सुटला होता, की तंदूर पेटेना. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घोडेस्वार गावातून डोंगराकडे पळू लागले. सगळ्यांत पुढे कोण होतं? शपथा घेणारे. घोडी चांगली त्यांचीच होती ना! त्यांच्या मागून साधे शिपाई, मग लंगडणारे, मग एकमेकांच्या खांद्यावर टेकलेले. देहकानाच्या वाड्यातून गाड्या भरायचा आवाज येऊ लागला.

मीही गाढवीवर पीठ लादत होते, तेवढ्यात निवक आला. एका हातानं पोट धरलेलं, दुसरा हात भिंतीवर. वाटेत गावची विहीर लागते. तहानेनं जीव चाललेला, आणि तरी पोरगं विहिरीला लांबून वळसा घालून आलं. मी म्हटलं, "अरे मेल्या, तिथंच का नाही बसलास? मी पाणी काढून दिलं असतं."

"तिथं मेलो असतो तर विहीर बाटली असती, मावशी. गाव बाबाला बोललं असतं."

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जखम बघितली आणि पुन्हा झाकली. तो तुटक तुटक सांगत होता. वारा आला, धुळीत काही दिसेना, आपलेच घोडे आपल्याच खंदकात पडले. त्यांना वर काढायला आपल्याच लोकांनी खंदक एका जागी बुजवला, आणि त्याच वाटेनं अरब आत आले. एवढं सांगून झाल्यावर तो एकाएकी हसला, बापासारखे सगळे दात दाखवून.

"मावशी, छावणीत मी चौघांबरोबर एका थाळीत जेवलो. कुणी उठलं नाही."

त्यानंतर तो फार बोलला नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत गेला.

मी कालव्याकडे धावले. रश्नक झर्दकला घेऊन आला, लोखंडी तिरडी ओढत. त्यानं मुलाकडे बघितलं, खाली बसला आणि शुद्धीनंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडावरून हात फिरवला. आता शिवायला हरकत नव्हती. आता मुलगा विटाळ होता. झर्दक पुढे येऊन बसला आणि बघू लागला, पण आज शेपूट हलवत होता. त्यालाही कळत होतं कोण आहे ते.

रश्नकनं कमरेची दोरी सोडली, एक टोक मनगटाला बांधलं, आणि दुसरं टोक हातात घेऊन तसाच उभा राहिला. मला क्षणभर कळेना, का थांबलाय. मग कळलं. दुसरं टोक धरणारा तिरडीवर होता.

मढं दिवसाउजेडीच हलवावं लागतं, सूर्य बुडला की नाही. आणि संध्याकाळपर्यंत अरब येणार होते. मुलगा वाटेत पडून राहील, घोडे तुडवतील, कोल्हे ओढतील. आणि एकट्यानं न्यावं तर भूत अंगात शिरणार, कायमचं. हे मी मानत नव्हते, पण तो मानत होता.

तो वाटेच्या कडेला, रीतीप्रमाणे लांब, उभा राहिला. गाड्या डोंगराकडे निघाल्या होत्या. प्रत्येक गाडी आली की तो दोरीचं टोक पुढे करायचा.

"टेकडीपर्यंतच. फक्त टेकडीपर्यंत चला कुणीतरी."

माळी म्हणाला, त्याची बायको गरोदर आहे. कुंभार म्हणाला, "मी आलो असतो रे, पण गाडी कोण हाकणार?" गाडीत त्याचे दोन दणकट भाऊ बसले होते. या कुंभाराच्या बापाला रश्नकनं आणि निवकनं भर उन्हाळ्यात टेकडीवर नेलं होतं, तिसऱ्या दिवशी सापडलेलं मढं. देहकानाची गाडी आली. आतून आवाज आला, "नऊ रात्रींची शुद्धी कोण करत बसणार आता? अरब मानेवर आलेत!"

मग माझ्याच्यानं राहवेना. मी ओरडले, "का? ती एका सकाळीत होते की! निवकची झाली ती!"

गाडी पुढे गेली. मी रश्नकच्या हातातलं टोक घ्यायला गेले. "दे इकडे. मी धरते."

त्यानं हात मागे घेतला. "नको, ताई. तुझा हात आमच्या धर्मात चालत नाही."

"मग चालतो तरी कुणाचा?"

मागून उत्तर आलं, "कुत्र्याचा चालतो." दस्तूर वेहशापूरची गाडी थांबली होती. मांडीवर अग्यारीतल्या अग्नीचं भांडं, आजूबाजूला दोन मुलगे. आवाज नेहमीसारखाच मऊ. "माणूस मिळत नसेल, तर दुसरं टोक कुत्र्याला बांधावं. शास्त्रात बसतं. ने बाबा त्याला, उशीर करू नकोस."

"माणूस मिळत नसेल तर?" मी म्हटलं. "मग या गाड्यांतून काय चाललंय? शेळ्या?"

मागच्या गाड्यांतून लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला ऐकू आला. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "बरं झालं, सोय झाली." सोय! असल्या पुण्यवंतांपेक्षा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे परवडले. ते निदान मढ्याला हात तरी लावतात.

रश्नकनं दोरीचं दुसरं टोक झर्दकच्या गळ्याला बांधलं. गाठ सैल ठेवली, काचू नये म्हणून. तिरडीचा दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला लागला. मी गाढवीला घेऊन लांबून मागे चालत राहिले.

टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी आम्हाला गाठलंच. मूठभर अरब घोडेस्वार, तोंडावर धूळ. त्यातला एक जण हीरा शहराकडचा होता, आमची बोली बोलणारा. त्यानं विचारलं, "म्हातारबाबा, कोण गेलं?"

"मुलगा."

"आणि हा कुत्रा कशाला बांधलाय?"

"जोडीदार आहे."

बाकीच्यांना त्यानं ते सांगितलं, तसे ते खो खो हसले. हा मात्र हसला नाही. घोड्यावरून उतरला. "तुझ्या गावात माणसं मेलीत का सगळी? थांब, मी हात लावतो."

रश्नक किंचाळला, "नको! लांब व्हा! बाटाल!"

"अरे बाबा, मी तुझा शत्रू. मी बाटलो तर तुझं काय जातंय?"

"तरी नको. तुम्हालाही कुणी आईबाप असतील."

तो माणूस पुन्हा घोड्यावर बसला. आणि जाताना माझी गाढवी घेऊन गेला, पिठासकट! मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दया दाखवायला खाली उतरलेला माणूस लूट घेऊन वर चढला. उगाच कुणी मला सांगू नये की हे चांगले आणि ते वाईट.

निवकला वर ठेवून रश्नक खाली आला, तेव्हा सूर्य जेमतेम शिल्लक होता. त्यानं आधी झर्दकच्या गळ्यातली गाठ सोडली, मग स्वतःची.

पळालेले फार लांब गेले नाहीत. तह झाल्यावर सगळे परत आले. देहकानाची जमीन देहकानाकडेच राहिली. पूर्वी तो राजासाठी कर गोळा करायचा, आता अरबांसाठी करू लागला, एवढाच फरक. डोईपट्टीसाठी माणसं मोजली तेव्हा त्यानं रश्नकलाही मोजलं. जन्मभर ज्याला माणूस म्हटलं नाही, तो कर द्यायच्या वेळी माणूस झाला. आणि हा वेडा मला येऊन सांगतो, "ताई, मला मोजलं!" मी भाकरी तंदुरातच जळू दिली, इतकी चिडले होते.

त्यानंतर तो एकटाच काम करत राहिला, झर्दकबरोबर. गरिबाघरची मढी तशीच गेली. कुणाची तक्रार नव्हती, शास्त्रात बसत होतं.

मग एका हिवाळ्यात दस्तूर वेहशापूर वारला. सगळं गाव अंगणात जमलं. मी फाटकाबाहेर भाकरीची टोपली घेऊन उभी होते. रश्नक तिरडी आणि झर्दकला घेऊन आला. दस्तूरचा थोरला मुलगा, आता तोच दस्तूर, पुढे झाला.

"दुसरा माणूस कुठाय?"

"टेकडीवर आहे, मालक," रश्नक म्हणाला.

"मग हे काय? आमच्या वडिलांना कुत्र्याबरोबर नेणार? मेलेल्या गाढवासारखं?"

रश्नकला राग आलेला मी कधी बघितला नाही, तेव्हाही आला नाही. त्यानं मान खाली घातली आणि दोरीचं दुसरं टोक पुढे केलं. "माझी कुठं हरकत आहे, मालक? या."

थोरल्यानं हात मागे बांधले. रश्नकनं टोक धाकट्यापुढे धरलं, मग देहकानापुढे, मग कुंभारापुढे. घाई केली नाही. प्रत्येकापुढे लांबून थांबला, वाट बघितली, मग पुढच्याकडे वळला. उन्हं भिंतीवरून उतरत होती. सगळं अंगण जमिनीकडे बघत होतं.

मी फाटकातून म्हटलं, "बांध की रे कुत्र्याला! शास्त्रात बसतं. गाडीतून वेहशापूर दस्तूरांनीच सांगितलं होतं, मुलं शेजारीच होती, विचार त्यांना."

रश्नकनं माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली, पण दुसरा उपाय नव्हता. त्यानं झर्दकला जवळ घेतलं आणि गाठ बांधली, सैल, काचू नये अशी. दस्तूरला त्यानं तितक्याच जपून नेलं, जितकं निवकला नेलं होतं. वाटेत दगड आला की थांबून तिरडी उचलून घेत होता.

मागून गाव निघालं. प्रेताबरोबर जातानाही त्यांच्यात एकट्यानं चालत नाहीत. दोघादोघांनी जोडीनं जायचं, मध्ये एक पांढरा रुमाल, एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. थोरला आणि धाकटा, देहकान आणि त्याचा जावई, कुंभाराचे ते दोघे भाऊ. सगळी वाट रुमालांनी भरून गेली होती. निवकच्या मागे एकही रुमाल नव्हता. मी टोपली खाली ठेवून, शेवटची जोडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी राहिले. एकाच्याही हातून रुमाल सुटला नाही. म्हणजे दुसरं टोक कसं धरायचं, हे तल्खाबमध्ये एकूणएक माणसाला येत होतं.